मेडिकल असिस्टंटचा कोर्स: फी भरण्याआधीची वही

बडोद्यातल्या एखाद्या हॉस्पिटलचं पगारपत्रक कधी हाती लागलं तर बघा. त्यात स्टाफ नर्स सापडेल, लॅब टेक्निशियन, फार्मसिस्ट, ओपीडी असिस्टंट, वॉर्डबॉय, आया सापडतील. ‘मेडिकल असिस्टंट’ क्वचितच सापडेल. छोट्या क्लिनिकात तर पदाला नावच नसतं, तिथे ‘डॉक्टरांकडची मुलगी’ एवढीच ओळख. आणि तरी बोर्डाचे निकाल लागले रे लागले, की ‘सहा महिन्यांत मेडिकल असिस्टंट, शंभर टक्के नोकरी’ असं छापलेली पत्रकं सकाळच्या पेपरातून घरात पडायला लागतात.

मी एका खासगी हॉस्पिटलात सतरा वर्षं ओपीडी सांभाळली. वाडीतली, नवापुऱ्यातली, मांजलपूरची ओळखीची मुलं हे पत्रक घेऊन येतात आणि विचारतात, “काकू, भरू का फी?” मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. आधी वही घ्यायला लावते. त्या वहीत काय लिहायचं आणि कोणाला काय विचारायचं, ते इथे क्रमाने मांडते. बारावी झालेली मुलं, मुलं हाताशी आल्यावर पहिल्यांदा नोकरी शोधणाऱ्या बायका, आणि ‘तिकडे’, म्हणजे अमेरिकेला, जायची व्हिसाची फाइल लागलेली मंडळी, तिन्ही माझ्याकडे येतात, म्हणून तिघांचंही लिहिते.

पहिलं पान: हे नाव आलं कुठून

मेडिकल असिस्टंट हे काम मुळात अमेरिकेतलं. तिथल्या डॉक्टरांच्या क्लिनिकात हा माणूस पेशंटला आत घेतो, वजन-बीपी बघतो, काय होतंय ते कॉम्प्युटरवर टिपतो, चालू औषधांची यादी तपासतो. डॉक्टरांनी सांगितलं तर रक्त काढतो, इंजेक्शन देतो, ईसीजी लावतो. मधल्या वेळात फोन घेतो, विम्याचे कागद भरतो. अर्धं काम टेबलावरचं, अर्धं पेशंटजवळचं. आपल्याकडे हीच कामं चार जणांत वाटलेली आहेत. रिसेप्शनवाली वेगळी, सिस्टर वेगळी, लॅबवाला वेगळा, विम्याचे, म्हणजे टीपीएचे, कागद बघणारा वेगळा. एका सर्टिफिकेटवर ती सगळी कोणी तुमच्या हाती देत नाही.

मग इथे या नावाखाली काय विकलं जातं? बहुतेक वेळा जनरल ड्यूटी असिस्टंटचा, म्हणजे जीडीएचा कोर्स. पेशंटला उठवणं-बसवणं, स्पंजिंग, भरवणं, बेडपॅन, चादर बदलणं, ताप-नाडी-बीपी मोजून लिहिणं हे त्यात येतं. काम सन्मानाचं आहे, हॉस्पिटल त्यावर चालतं. फक्त पत्रकावरच्या फोटोत गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली मुलगी असते आणि पहिल्या दिवशी हातात बेडपॅन येतं, एवढंच. दुसरा प्रकार संस्थेने स्वतःच बनवलेल्या कोर्सचा, ज्याला मान्यताही त्याच संस्थेची. तिसरा ऑनलाइन, अमेरिकन नावाचा. तिथे काय चालतं ते शेवटी सांगते.

म्हणून संस्थेत गेल्यावर पहिला प्रश्न फीचा विचारू नका. विचारा, “हा कोर्स करून नोकरी लागली की नेमणूकपत्रावर कुठलं पद लिहिलेलं असेल?” उत्तर गोलगोल आलं तर वहीत तसंच लिहा: गोलगोल.

दुसरं पान: आधी दार, मग किल्ली

लोक आधी कोर्स निवडतात आणि मग नोकरी शोधत फिरतात. हे उलटं करा. तुम्हाला कुठल्या दारातून आत जायचंय ते ठरवा आणि ते दार काय मागतं ते बघा.

अलकापुरी-गोत्रीकडची मोठी खासगी हॉस्पिटलं सर्टिफिकेट बघतात, कारण त्यांना मानांकनाच्या तपासणीत स्टाफची फाइल दाखवावी लागते. पण वॉर्ड असिस्टंटची जागा पुष्कळदा ठेकेदारामार्फत भरतात, तेव्हा पगार ठेकेदाराचा आणि युनिफॉर्म हॉस्पिटलचा. रावपुरा, कारेलीबागेतली दहा-वीस खाटांची नर्सिंग होम माणूस बघून घेतात. कोणाची ओळख, रात्रपाळी करेल का, सुट्ट्या किती मारेल, एवढंच त्यांना हवं असतं. एकट्या डॉक्टरच्या क्लिनिकात तर सर्टिफिकेट कोणी उघडूनही बघत नाही. सरकारी दाराचं गणित वेगळं. सयाजी हॉस्पिटल असो की तालुक्याचं आरोग्य केंद्र, नर्स किंवा टेक्निशियनच्या कायम जागेला ठरलेला डिप्लोमा-डिग्री आणि कौन्सिलची नोंदणी लागते, तिथे सहा महिन्यांचं सर्टिफिकेट फाइलीतच राहतं.

एक दार लोक विसरतात: घरी जाऊन पेशंट सांभाळणं. मुलगा-सून तिकडे आणि म्हातारे आईवडील इकडे, अशी घरं बडोद्यात गल्लोगल्ली आहेत. बारा तासांच्या ड्यूटीला माणूस मिळत नाही. इथे जीडीए शिकलेल्याला खरोखर भाव आहे, कारण म्हाताऱ्या माणसाला पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं, जखम न होऊ देता कूस कशी बदलायची, हे शिकलेलं आणि न शिकलेलं माणूस पहिल्याच दिवशी ओळखू येतं.

तिसरं पान: इनचार्जला भेटा

हे पान मी सगळ्यात महत्त्वाचं मानते आणि मुलं नेमकं हेच टाळतात, लाज वाटते म्हणून.

आपल्या दाराची तीन हॉस्पिटलं निवडा. तिथल्या एचआरच्या टेबलावर जाऊ नका, ते बायोडेटा ठेवून घेतील आणि ‘कळवू’ म्हणतील. नर्सिंगच्या मेट्रनला किंवा एखाद्या वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरला भेटा. वेळ सांभाळा. सकाळी राउंड असतो, अकराला ओपीडी तुंबलेली असते. दुपारी पाळी बदलून हँडओव्हर झाला की अडीच-तीनच्या सुमाराला पाच मिनिटं मिळतात. गुजरातीत बोला, हात जोडून बोला, आणि तीनच प्रश्न विचारा.

या संस्थेची मुलं तुमच्याकडे आहेत का? सर्टिफिकेट असलेल्याला सुरुवातीला किती देता? आणि सर्टिफिकेट नसलेल्या बारावी पासला घेता का, घेत असाल तर किती देता?

तिसरा प्रश्न खरा. दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरात जो फरक, तेवढीच त्या कागदाची किंमत. पूर्ण पगार म्हणजे कोर्सची कमाई नव्हे. संस्थावाले नेहमी पूर्ण पगार दाखवतात, ‘महिना एवढे मिळतील’ असं सांगतात. त्यातले पुष्कळसे तुम्हाला कोर्स न करताही मिळाले असते.

आमच्याकडे एकदा दोन मुली एकाच आठवड्यात लागल्या. एक कोर्स करून आलेली, दुसरी नुसती बारावी, पण आजीचं अंथरुणावरचं आजारपण दोन वर्षं काढलेली. दीड वर्षाने दोघींचा पगार सारखा झाला. सुरुवातीचा फरक फार काळ टिकत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय. वर्ष-दीड वर्ष उलटलं की इनचार्ज कागद बघत नाही, हात बघते.

चौथं पान: बेरीज

आता पेन्सिल घ्या. खालचे आकडे मी समजायला घेतलेत, तुमचे तुम्ही घाला.

कोर्सची फी ३५,००० रुपये. परीक्षा फी, युनिफॉर्म, पांढरे बूट, पुस्तकं मिळून ६,०००. मकरपुऱ्याहून रोज जाण्यायेण्याचे महिना १,२०० प्रमाणे सहा महिन्यांचे ७,२००. झाले ४८,२००. इथवर सगळे करतात. पुढची ओळ कोणी लिहीत नाही: त्या सहा महिन्यांत नोकरी केली असती तर महिना ९,००० मिळाले असते, ते गेले. म्हणजे ५४,०००. बेरीज १,०२,२००.

सर्टिफिकेट नसताना ९,००० आणि असताना ११,००० मिळणार असतील तर फरक २,०००. एक लाख दोन हजार दोनशेला दोन हजारांनी भागा. एक्कावन्न महिने, म्हणजे सव्वाचार वर्षं. आणि वर सांगितलं तसं तो फरक दीड वर्षातच मिटणार असेल, तर हा खर्च वसूल होतच नाही.

तोच कोर्स संध्याकाळच्या बॅचला केला आणि दिवसा नोकरी चालू ठेवली तर ५४,००० ची ओळ खोडली जाते. ४८,२०० भागिले २,०००, चोवीस महिने. फरक निदान तेवढा टिकला तर जमण्यासारखं. फी न घेणाऱ्या सरकारी योजनेत जागा मिळाली तर आणखी हलकं. प्रधानमंत्री कौशल विकास योजना २०१५ साली सुरू झाली, तिच्यात जीडीएचे वर्ग चालतात. कुठल्या केंद्रात कधी बॅच लागते ते स्किल इंडियाच्या पोर्टलवर बघावं लागतं, आणि केंद्रावर जाऊन डोळ्यांनीही बघावं लागतं.

एक प्रामाणिक प्रश्न स्वतःला विचारा. कोर्स केला नसता तर ते सहा महिने तुम्ही खरंच कमावत होता का? घरीच बसून असाल तर ५४,००० ची ओळ लिहू नका. वाडीतल्या एक ताई अडतिसाव्या वर्षी माझ्याकडे आल्या. नवऱ्याचं वर्कशॉप बंद पडलेलं, त्यांनी कधी नोकरी केलेली नव्हती, हॉस्पिटलात पाऊल टाकायला घाबरायच्या. फुकटच्या बॅचला जीडीए केलं. त्यांच्यासाठी कागदाची किंमत पगारातल्या फरकात नव्हती, त्या दारातून आत जाण्याचं धैर्य त्यांना कोर्सने दिलं. आधी घरगुती पेशंट सांभाळले, आता डायलिसिसच्या वॉर्डात आहेत. त्यांना मी हिशेब घालायला सांगितलाच नव्हता.

दोन खर्च पत्रकात नसतात. पहिला हिपॅटायटिस बीच्या लशीचा. तीन डोस असतात, पहिल्यानंतर महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. सुया आणि रक्ताजवळ काम करणाऱ्याने ती घ्यायलाच हवी, आणि सहा महिन्यांच्या कोर्सला पहिल्या दिवशी डोस घेतला तरच शेवटी पूर्ण होते. पैसे कोण देणार ते आधी विचारा. दुसरा खर्च ‘बिनव्याजी हप्त्यां’चा. कागद नीट वाचलात तर दिसेल की संस्था तुम्हाला हप्ते देत नाही, एक फायनान्स कंपनी तुमच्या नावावर कर्ज देते आणि पैसे एकरकमी संस्थेला मिळतात. उद्या संस्थेने शटर ओढलं तरी हप्ता तुमच्याच खात्यातून जातो. माझ्या शेजारच्या मुलाचं असंच झालं, आठ महिने भरत होता.

पाचवं पान: सहा महिने की दोन-तीन वर्षं

२०२१ साली संसदेने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस अशा कामांतल्या माणसांना पहिल्यांदाच देशपातळीवर एक चौकट मिळाली. त्यात ‘सहयोगी आरोग्य व्यावसायिक’ कोणाला म्हणायचं त्याची व्याख्या आहे: दोन ते चार वर्षांत पसरलेलं, किमान २,००० तासांचं शिक्षण घेऊन डिप्लोमा किंवा डिग्री मिळवलेला. आता सहा महिन्यांचे तास मोजा. महिन्याचे पंचवीस दिवस, रोज चार तास. सहाशे. पत्रकावर ‘पॅरामेडिकल’ कितीही मोठ्या अक्षरांत असू दे, सहाशे म्हणजे दोन हजार नव्हेत.

नर्सिंगचंही तसंच. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचं, जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी) तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. जीडीए केलं म्हणून यातला एक महिनाही कमी होत नाही. गुजरातेत पंचायतीच्या आरोग्य केंद्रांवर फिमेल हेल्थ वर्करची भरती निघते ती एएनएम झालेल्यांसाठी. एएनएम-जीएनएमला प्रवेशाचं वय १७ ते ३५, म्हणजे तिशी ओलांडलेल्या बाईलाही ते दार अजून उघडं असतं, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. एएनएम होऊन नोंदणी केली की पुढे जीएनएमलाही जाता येतं.

माझं मत सरळ आहे. बारावी सायन्स असेल, घर आणखी तीन वर्षं तुम्हाला सांभाळू शकत असेल, तर सहा महिन्यांच्या वाटेला जाऊ नका. जीएनएमला किंवा लॅबच्या डिप्लोमाला लागा. घरात चूल पेटवायला येत्या दिवाळीच्या आत पगार हवा असेल तर लहान कोर्स करा, शक्यतो फुकटचा, आणि नोकरीला लागल्यावर एएनएमचा फॉर्म भरायचं मनात ठेवा. ‘आधी सहा महिन्यांचं करतो, मग बघू’ म्हणणाऱ्यांतले बहुतेक मग बघत नाहीत. लग्न होतं, पाळ्या सुरू होतात, राहून जातं.

नुसत्या झटपट कोर्सचं पुढे काय होतं, याचा एक नमुना कोरोनात पाहिला. जून २०२१ मध्ये केंद्राने कोविड योद्ध्यांसाठी झटपट कोर्स काढले, सहा कामांसाठी, देशभर एक लाखावर माणसं तयार करायला. आमच्याकडे त्या सुमाराला अशी चार मुलं आली. लाट ओसरली तशी दोन घरी गेली. राहिलेल्या दोघांपैकी एकाने बिलिंगचं सॉफ्टवेअर शिकून घेतलं होतं, दुसरी ईसीजी लावायला शिकली होती.

सहावं पान: भिंतीवरचे फ्रेम केलेले कागद

संस्थेच्या ऑफिसात चार फ्रेम असतात. एकात ‘आयएसओ ९००१’. हे कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, कोर्सच्या मान्यतेचं नाही. बिस्किटाच्या कारखान्यालाही ते मिळतं. दुसऱ्यात ट्रस्टची नोंदणी. तिसऱ्यात उद्यमचं, म्हणजे लघुउद्योगाचं रजिस्ट्रेशन, ज्यावर भारत सरकारची मुद्रा असते म्हणून ‘भारत सरकार मान्य’ म्हणायला सोपं जातं. ते तर कोणीही दुकानदार घरबसल्या काढू शकतो. तुम्हाला हवा तो चौथा कागद: हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलशी संलग्नता, कोर्सचा ठरलेला कोड आणि राष्ट्रीय कौशल्य चौकटीतली पातळी. कोड फोनमध्ये टिपून घ्या आणि घरी येऊन पोर्टलवर तपासा. तिथे त्या केंद्राचं नाव आणि पत्ता जुळायला हवा.

दोन वर्षांच्या कोर्सलाही ही तपासणी चुकवू नका. शेजारच्या मध्य प्रदेशात हायकोर्टाच्या हुकमावरून सीबीआयने नर्सिंग कॉलेजं तपासली तेव्हा, २०२४ साली, डझनावारी कॉलेजं अपात्र ठरली. ‘हजेरीची काळजी करू नका, परीक्षेला या’ असं कोणी म्हणालं की उठून यायचं.

कागदानंतर खोली बघा. एक तरी हॉस्पिटलचा पलंग आहे का, पाऱ्याचं किंवा घड्याळाचं बीपीचं यंत्र किती आणि मुलं किती, प्रॅक्टिकलला कुठल्या हॉस्पिटलात नेतात, किती तास, आणि त्या हॉस्पिटलचं पत्र दाखवतात का. नुसतं ‘टाय-अप आहे’ म्हणणं म्हणजे काहीच नाही.

सातवं पान: पंधरा दिवसांची चाचणी

फी भरण्याआधी ओळखीच्या डॉक्टरांकडे पंधरा दिवस नुसतं उभं राहायची परवानगी मागा. ड्रेसिंगच्या वेळचा वास, उलटी, रडणारं पोर आणि त्याच्या आईचं ओरडणं, हे सगळं एकदा अंगावर घ्या. रक्त बघून खाली बसणारी मुलं मी पाहिलीत आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त ते पस्तीस हजार भरल्यावर कळू नये. ज्यांच्या घरी रात्रपाळी चालणार नाही, त्यांनीही हे आत्ताच घरात बोलून घ्यावं.

आपल्या मराठी मुलांची एक खास अडचण असते. गुजराती फाडफाड बोलतो, पण लिहायची वेळ आली की हात अडखळतो. संमतीचे फॉर्म, औषधाच्या सूचना, तक्रारवही सगळं गुजरातीत. बडोद्याला पेशंट डभोईहून, छोटाउदेपूरहून येतात, सीमेपलीकडून आलीराजपूरहूनही येतात. त्यातल्या कित्येकांना शहरी गुजरातीही परकी वाटते, त्यांच्याशी सावकाश, हातवारे करून बोलावं लागतं. महिनाभर रोज एक पान गुजराती लिहा. याची फी नाही, आणि मी इनचार्ज असताना मुलाखतीत पहिलं हेच बघायची.

आठवं पान: ‘तिकडे’ जाणार असाल तर

बडोद्यात हे पान टाळता येत नाही. ज्या घरात फाइल लागलीय त्या घरात कोणीतरी न्यू जर्सीतल्या एडिसनहून फोनवर सांगतंच, “मेडिकल असिस्टंटचं करून ये, इथे लगेच लागतं.” अर्धं खरं आहे. तिथे मागणी आहे. अमेरिकेच्या सरकारी आकड्यांनुसार मे २०२४ मध्ये या कामाचा मधला वार्षिक पगार ४४,२०० डॉलर होता. मधला म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, आणि नवखा माणूस त्या निम्म्यांत असतो. रुपयांत गुणू नका. त्या गावातल्या एका खोलीच्या भाड्याने भागा, मग कळेल.

खोटं अर्धं ‘करून ये’ हे. तिथलं सर्वांत जुनं आणि मानाचं सर्टिफिकेट सीएमए, म्हणजे सर्टिफाइड मेडिकल असिस्टंट. त्याच्या परीक्षेला बसायची मुख्य वाट तिथल्या दोन मान्यता-संस्थांनी, सीएएएचईपी किंवा एबीएचईएसने, मान्य केलेल्या कोर्समधून जाते. बडोद्यातल्या वर्गाचं सर्टिफिकेट तिथे त्या जागी चालत नाही. सीसीएमए आणि आरएमए या दुसऱ्या दोन सर्टिफिकेटांची नावं ऐकू येतील, त्यांच्या अटी थोड्या सैल असतात. बहुतेक राज्यांत या कामाला सरकारी लायसन्स लागत नाही, पण वॉशिंग्टन राज्यात नोंदणी लागते, आणि आपली मंडळी जिथे जास्त त्या न्यू जर्सीत पेशंटला इंजेक्शन द्यायचं तर मान्य कोर्स आणि सर्टिफिकेट दोन्ही लागतं. म्हणजे राज्य ठरल्याशिवाय कोर्स ठरवायचाच नाही.

त्याआधी व्हिसा बघा. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वर नोकरी करणाऱ्या नवऱ्याच्या मागे मिळणाऱ्या व्हिसावर, गेलेल्या बायकोला आपोआप काम करता येत नाही. २०१५ पासून काहींना परवाना मिळतो, तोही नवऱ्याची ग्रीन कार्डाची फाइल ठरावीक टप्प्यापुढे गेली असेल तर. भावा-बहिणीने टाकलेल्या फाइलीला तर पंधरा वर्षांहून जास्त लागतात, त्या भरवशावर आज कोर्स करणं म्हणजे नातवाच्या मुंजीची आत्ताच सोवळी आणणं.

ग्रीन कार्ड हाती घेऊन उतरलात तर घाई करू नका. तिथल्या कम्युनिटी कॉलेजची फी स्थानिक रहिवाशाला बरीच कमी असते, आणि रहिवासी मानायला अनेक ठिकाणी वर्षभराचा मुक्काम लागतो. ते वर्ष क्लिनिकच्या रिसेप्शनवर काढा. उत्पन्न कमी असेल तर तिथल्या केंद्र सरकारची पेल ग्रँट ग्रीन कार्डवाल्यालाही मागता येते, ती परत करायची नसते. कोर्सच्या शेवटी १६० तास बिनपगारी क्लिनिकात काम असतं, तेव्हा घर कसं चालेल ते आधी ठरवा.

चकचकीत जाहिरातींचा तिथेही सुकाळ आहे. कोरिंथियन कॉलेजेस नावाची मोठी खासगी साखळी मेडिकल असिस्टंटसारखे कोर्स भारी फीत विकायची. २०१५ मध्ये ती बुडाली, आणि २०२२ मध्ये तिथल्या सरकारला तिच्या ५ लाख ६० हजार विद्यार्थ्यांची ५.८ अब्ज डॉलरची कर्जं माफ करावी लागली. पेपरातून पत्रक पडलं काय आणि टीव्हीवर जाहिरात दिसली काय.

इथे बसून, एक पैसा न देता, काय तयारी करता येईल? औषधांची नावं. आपलं पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटामिनोफेन, आपलं साल्ब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल, ॲड्रिनलिन म्हणजे एपिनेफ्रिन. वजन पाउंडात. तारीख लिहिताना महिना आधी, दिवस नंतर: आपला पाच एप्रिल तिकडे ०४/०५ होतो, आणि आपण तो चार मे वाचतो. औषधाच्या तारखेत अशी गफलत झाली तर काय होईल ते सांगायला नको. बरोबर लशींची नोंद न्या, हिपॅटायटिस बी, गोवर-गालगुंड, कांजण्या सगळ्यांची, तारखा आणि सही-शिक्क्यासकट. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका न्या. इथल्या हॉस्पिटलचं अनुभवपत्र लेटरहेडवर, कामाच्या वर्णनासकट घ्या, नुसतं ‘काम समाधानकारक’ नको.

नववं पान: फी भरलीतच तर

रोख देऊ नका. पावतीवर कोर्सचं पूर्ण नाव, कालावधी आणि कोड लिहून घ्या. मध्येच सोडलं तर किती परत, ते लेखी घ्या. पहिल्या महिन्याला एकच हप्ता द्या, ‘पूर्ण भरलंत तर दहा टक्के सूट’ला भुलू नका. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’चा अर्थ त्यांच्या भाषेत तीन मुलाखतींना पाठवणं असा असतो, म्हणून फॉर्मच्या मागची बारीक अक्षरं वाचा.

आणि पहिल्या दिवसापासून एक लॉगबुक ठेवा, संस्थेचं नव्हे, स्वतःचं. आज किती बीपी घेतले, किती पेशंट उठवले, कुठल्या वॉर्डात, किती तास, आणि खाली तिथल्या सिस्टरची सही. सिस्टर घाईत असतात, सही मागायला संकोच वाटतो, तरी मागा. माझ्या भाचीच्या संस्थेने सर्टिफिकेट द्यायला पाच महिने लावले. मुलाखतीला गेली तेव्हा तिच्या हातात ती दोनशे पानी वहीच होती, चहाचे डाग पडलेली. मेट्रनने ती मधूनच उघडली, एक पान वाचलं, सही ओळखली आणि विचारलं, “ही सिस्टर अजून तिथेच आहे का?”